अन्नमार्गाची रोजनिशी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात आरोग्यविषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मॅट्रिकची परीक्षा देऊन जे शाळेत शिरलो, ते खडू आणि फळा यांच्या सहवासात केस पांढरे करूनच बाहेर पडलो. परंतु ज्याने दुखणे भोगले आहे, त्याला त्याविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार असतो, असे चिटणीस म्हणाले, आणि त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. गतवर्षी एक लहानसे संगणकीय नोंदयंत्र खांद्यास अडकवून एक संपूर्ण अहोरात्र वागण्याचा प्रसंग आमच्यावर आला. त्या यंत्राने आम्हांस जे शिकविले, ते आपल्यापुढे मांडण्याची आज परवानगी असावी.

आपल्या घरांतून 'पित्त' या शब्दाचा किती सढळ हाताने उपयोग होतो, हे सांगावयास नको. छातीत जळजळले की पित्त, घशाशी आंबट आले की पित्त, डोके चढले की पित्त. आयुर्वेदातील पित्ताची कल्पना फार व्यापक व सखोल आहे. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु घराघरांतून हा शब्द उच्चारला जातो, तो बहुधा विचार थांबविण्यासाठी. एकदा पित्त म्हटले, की पुढे विचारणे नको आणि तपासणे नको. दुकानातून गोळी आणावी आणि गिळावी. आम्हीही सात वर्षे हेच केले. छातीच्या मध्यभागी जळजळ होई, रात्री झोपमोड होई आणि आम्ही आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत असू. एका गोळीने भागेना तेव्हा दोन झाल्या. मध्यंतरी दुर्बिणीची नळी घशातून घालून तपासणी झाली. अन्ननलिकेत जखम नाही, जठरात व्रण नाही, सर्व ठीक आहे, असा अहवाल आला. त्या अहवालाने आनंद व्हावा, तो घरात एक निराळाच प्रश्न उभा राहिला : सर्व ठीक आहे, तर जळते काय? आप्तांपैकी कोणी दबल्या आवाजात, तर कोणी उघडपणे म्हणू लागले, की निवृत्तीनंतर माणसाला उद्योग नसतो. हे सारे मनाचे खेळ आहेत.

बंधुभगिनींनो, दुर्बीण ही घराच्या भिंती दाखविते. कोठे पोपडे निघाले, कोठे तडा गेला, ते तीत दिसते. परंतु त्या घरात दिवसभर कोणते व्यवहार चालतात, रात्री कोण जागते, हे भिंतींवरून कसे कळावे? अन्नमार्गाचेही तसेच आहे. त्याचे रूप पाहणे निराळे आणि त्याचे कार्य पाहणे निराळे. जळजळीचे कित्येक रोगी असे असतात, की दुर्बिणीतून पाहता त्यांची अन्ननलिका निर्दोष दिसते. त्यांच्यासाठी रूपापलीकडे जाऊन कार्य पाहावे लागते, आणि ते पाहणे फार काळपर्यंत मनुष्याच्या आवाक्याबाहेर होते.

या बाबतीत पहिला दरवाजा उघडला तो एका अपघाताने. १८२२ सालच्या जून महिन्यात, अमेरिकेतील मॅकिनॅक नावाच्या बेटावर, कातड्यांच्या व्यापारात मजुरी करणाऱ्या अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात जवळून बंदुकीची गोळी शिरली. विल्यम बोमाँट या लष्करी शल्यवैद्याने त्याचे प्राण वाचविले. परंतु जखम भरताना जठराचे भोक कायमचे उघडे राहिले. बोमाँट त्या भोकातून रेशमाच्या दोऱ्याला बांधलेले मांसाचे व भाकरीचे तुकडे आत सोडी आणि ठराविक वेळाने बाहेर काढून पाही. अशा दोनशेंहून अधिक प्रयोगांचा वृत्तान्त त्याने १८३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. रोगी संतापला म्हणजे त्याच्या जठराची अवस्था पालटते, हेही त्याने नमूद करून ठेविले आहे. हे ज्ञान ज्या गरीब मजुराच्या देहातून निघाले, त्याच्या वाट्याला मात्र आयुष्यभर उघडे भोक आले, हे आपण विसरू नये.

पुढे क्ष-किरणांचा शोध लागला. १८९६ च्या अखेरीस वॉल्टर कॅनन हा हार्वर्डमधील वैद्यकाचा विद्यार्थी, बिस्मथ मिसळलेले अन्न प्राण्यांना चारून त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांत पाहू लागला. मांजर त्रस्त झाले की त्याच्या जठराची हालचाल थांबते, असे त्यास आढळले. मन आणि पोट यांचे नाते आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होतेच. जेवताना भांडू नये, असे त्या सांगत असत. कॅननने ते डोळ्यांनी पाहिले. १९५७ साली, म्हणजे रशियाचा पहिला उपग्रह आकाशात गेला त्याच वर्षी, मॅके आणि याकॉबसन या संशोधकांनी गिळता येईल एवढी नभोवाणीची गोळी करून, तिने पोटातून पाठविलेले संदेश बाहेर टिपले. एक यंत्र आभाळातून बोलू लागले, तर दुसरे उदरातून.

आमच्या दुखण्याशी ज्याचा साक्षात संबंध आहे, ते काम १९७४ साली जॉन्सन आणि डिमीस्टर यांनी पुढे आणिले. अन्ननलिकेतील आम्लता सलग चोवीस तास मोजावी आणि तिचे गणित मांडावे, ही ती पद्धती होय. आरंभी यासाठी रोग्यास रुग्णालयात यंत्राजवळ खिळून राहावे लागे. परंतु खाटेवर पडलेल्या माणसाचे पोट ते काय आणि बाजारहाट करणाऱ्या, जिने चढणाऱ्या, पंगतीत बसणाऱ्या माणसाचे पोट ते काय! पुढे संगणकाचे घटक लहान होत गेले आणि नोंदयंत्र अंगावर वागविता येऊ लागले, तेव्हाच रोग्याचे खरेखुरे दैनंदिन जीवन वैद्याच्या नजरेस आले. हृदयाच्या ठोक्यांसाठी ज्याप्रमाणे होल्टर नावाचे यंत्र अंगावर बांधतात, त्याचप्रमाणे हे अन्नमार्गाचे यंत्र समजावे.

आता या यंत्राची रचना थोडक्यात सांगतो. शाळामास्तराची सवय आहे, तेव्हा थोडे गणितही येईल. श्रोत्यांनी क्षमा करावी.

आम्लता मोजण्याचे जे माप आहे, त्यास पीएच म्हणतात. कोपनहेगन येथील सोरेनसेन या शास्त्रज्ञाने ते १९०९ साली रूढ केले. शुद्ध पाण्याचा अंक सात. अंक एकाने उतरला की आम्लता दसपट वाढते. म्हणजे सातावरून चारावर आलो, की आम्लता सहस्रपट झाली. जठरात उपाशीपोटी हा अंक एक ते दोनच्या आसपास असतो. जठराचे अस्तर ते सोसते. अन्ननलिकेस मात्र ते सोसवत नाही. म्हणून दोहोंच्या सीमेवर निसर्गाने स्नायूंची एक झडप ठेविली आहे. ही झडप वेळी-अवेळी सैल पडली, की आम्ल वर चढते.

तपासणीच्या दिवशी प्रथम एका नळीने दाब मोजून ही झडप नेमकी कोठे आहे ते ठरवितात. मग सुमारे दोन मिलिमीटर जाडीची एक मऊ नळी नाकावाटे अन्ननलिकेत उतरवितात. तिच्यावरील आम्लमापक बिंदू झडपेच्या पाच सेंटीमीटर वर राहील, अशी योजना असते. त्याच नळीवर ठिकठिकाणी धातूची कडी असतात. दोन कड्यांमधून अत्यंत क्षीण वीजप्रवाह जातो. तेथे पाणी किंवा अन्नरस आला की विजेचा अडथळा कमी होतो. वारा आला की वाढतो. वरची कडी आधी सांगू लागली आणि खालची नंतर, तर रोग्याने काही गिळले; खालची आधी आणि वरची नंतर, तर पोटातून काही वर आले. किती सोपी आणि किती चतुर युक्ती! नळीचे दुसरे टोक गालावर चिकटवून खांद्यास अडकविलेल्या, तळहातावर मावेल एवढ्या नोंदपेटीस जोडतात. आमच्या यंत्रात ही नोंद सेकंदास पन्नास वेळा होत होती. चोवीस तासांचे सेकंद ८६,४००; त्यास पन्नासाने गुणिले असता एकेका जोडीमागे ४३ लक्ष २० हजार नोंदी होतात. एवढे आकडे कोणता कारकून लिहील आणि कोणता वैद्य वाचील? म्हणून संगणक हवा.

ज्यांना नाकातील नळी सोसत नाही, त्यांच्यासाठी अन्ननलिकेच्या आतील बाजूस चिकटविण्याची बिनतारी कुपीही निघाली आहे. ती दोन ते चार दिवस संदेश पाठविते आणि पुढे आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते. लहान आतड्याची छायाचित्रे घेणारी गिळावयाची कुपीही २००१ सालापासून वापरात आली आहे. परंतु ती चित्रे काढते; आमचे यंत्र हिशेब ठेवते.

तथापि या पेटीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आम्हांस निराळाच वाटला. तिच्यावर काही बटणे होती. जळजळ झाली की एक दाबावयाचे, जेवणास बसताना व उठताना दुसरे, आडवे होताना तिसरे. शिवाय एक छापील कागद दिला होता, त्यावर वेळ घालून सर्व लिहावयाचे. म्हणजे यंत्र आपली रोजनिशी लिहिणार आणि आम्ही आमची. मग दोन्ही शेजारी ठेवून वाचावयाच्या. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. आता आमची वही तपासली जाणार होती.

तपासणीपूर्वी सात दिवस डॉक्टरांच्या सांगण्याने गोळ्या बंद ठेविल्या. नळी घालताना डोळ्यांत पाणी आले. दोन-चार मिनिटांनी मात्र सवय झाली. नेहमीप्रमाणे हिंडा-फिरा, नेहमीचेच जेवा, असे बजावले होते. स्नान तेवढे वर्ज्य. आंबट पेय जेवणाखेरीज घेऊ नका, घेतले तर लिहा, असेही सांगितले होते. ती रुग्णालयाची जागा आमच्या गावापासून लांब, मोठ्या शहरात असल्यामुळे आम्ही एका नातलगांकडे उतरलो होतो. नाकात नळी आणि गळ्यात पेटी पाहून त्यांची लहान नात आधी बिचकली, मग हे यंत्र गाणी लावते का, म्हणून विचारू लागली.

दुसऱ्या दिवशी नळी निघाली आणि पेटीतील नोंदी संगणकाच्या पडद्यावर उमटल्या. यंत्र चालविणाऱ्या ताई तरुण होत्या. वर-खाली जाणाऱ्या रेघांवरून त्यांनी बोट फिरविले आणि एके ठिकाणी थांबून मृदू स्वरात विचारले, "काका, काल दुपारी साडेचारला काय घेतलंत? कागदावर काहीच नाही."

आम्ही म्हणालो, "काही नाही."

त्या म्हणाल्या, "अहो, इथं आम्ल दिसतंय, पण ते खालून वर आलेलं नाही. वरून खाली गेलंय. पाच-सहा घोट."

तेव्हा आम्हांस स्मरले. यजमानीणबाईंनी कोकमाचे सरबत पुढे केले होते. नको म्हणणे जिवावर आले आणि घोटभर घेतल्याने काय होते, अशा विचाराने ते लिहिलेही नाही. ज्या मास्तराने तीस वर्षे मुलांना 'जे घडले ते लिहा' असे सांगितले, त्याचीच वही खोटी निघाली! आम्ही खाली मान घालून कबुली दिली. ताई हसल्या आणि त्यांनी तेवढा भाग हिशेबातून वगळला. नुसती आम्लता मोजणारे यंत्र असते, तर ते सरबत आमच्या जठराच्या माथी मारले गेले असते. म्हणून सांगावयाचे ते हे, की यंत्र कितीही सूक्ष्म असले, तरी रोगी खरे लिहील तरच त्याचे उत्तर खरे. आणि संगणकाने मोजले तरी वाचावे माणसानेच. त्या ताईंची नजर नसती, तर ती चूक तशीच राहिली असती.

आता निकाल. चोवीस तासांत अन्ननलिकेतील अंक चाराच्या खाली शेकडा चार टक्क्यांहून कमी वेळ असला, म्हणजे सुमारे ५८ मिनिटांच्या आत, तर ते स्वाभाविक मानितात. शेकडा सहाच्या वर, म्हणजे ८६ मिनिटांहून अधिक गेला, तर रोग निश्चित. मधली जागा संशयाची; तेथे अन्य पुरावे पाहतात. ही मर्यादा २०१८ साली जगातील तज्ज्ञांनी एकमताने प्रसिद्ध केली. आमचा आकडा आला ३७ मिनिटे. आम्ही जळजळीचे बटण चौदा वेळा दाबले होते. त्यांपैकी केवळ दोन वेळा त्याआधीच्या दोन मिनिटांत पोटातून काही वर आले होते. उरलेल्या बारा वेळा तेथे आम्ल नव्हते आणि दुसरेही काही वर आले नव्हते.

बंधुभगिनींनो, सात वर्षे ज्या शत्रूवर आम्ही गोळ्या झाडीत होतो, तो बहुतेक वेळा घरात नव्हताच!

हे ऐकताच आमच्या मनात पहिला विचार आला, तो लाजेचा. म्हणजे आप्त म्हणत होते तेच खरे. हे मनाचेच खेळ. परंतु डॉक्टरांनी आमची मुद्रा ओळखली असावी. ते म्हणाले, "मास्तर, यंत्रानं तुमचं दुखणं खोटं ठरवलेलं नाही. त्याचं कारण आम्ल नाही, एवढंच ते सांगतंय. तुमची जळजळ खरी आहे." अन्ननलिकेच्या मज्जातंतू काही माणसांत अतिशय हळव्या होतात, जे इतरांस जाणवतही नाही, ते त्यांस निखाऱ्यासारखे भासते. अशा दुखण्यास वैद्यकात स्वतंत्र नाव आहे आणि स्वतंत्र उपचारही आहेत. आमच्या आम्लाच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी होत गेल्या, मज्जातंतू शांत करणारे अल्प मात्रेचे औषध मिळाले आणि पोटाने संथ श्वास घेण्याचा अभ्यास सांगितला गेला. जळजळ पूर्ण गेली, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु रात्रीची झोप परत आली.

त्या दिवशी परतीच्या गाडीत आम्हांस एका विद्यार्थ्याची आठवण झाली. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीच्या वर्गातील एक मुलगा गणिताच्या तासाला पोट दुखते म्हणून उभा राही. पोटदुखी ही शाळेतील सर्वांत जुनी सबब; ती कोणत्या मास्तराने ऐकली नाही? आम्ही त्याचे पोट दाबून पाहिले, ताप नाही असे पाहिले, आणि सर्व वर्गासमक्ष त्यास लबाड म्हणून खाली बसविले. तो रडला नाही, मुकाट्याने बसला. पुढे त्याने पोट दुखते असे कधी म्हटले नाही. तेव्हा आम्हांस वाटले, आपण त्याची खोड मोडली. आज वाटते, की त्याची खोड मोडली नाही, त्याचे सांगणे मोडले. तो लबाड होता की दुखणाइत, हे आता आम्हांस कधीच कळणार नाही. परंतु ज्या पुराव्यावर आम्ही निकाल दिला, तो पुरावा नव्हता, एवढे कळले. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून आत काही नाही, असे मानण्याचा जो अपराध आप्तांनी आमच्या बाबतीत केला, तोच आम्ही त्या लेकराच्या बाबतीत केला होता.

म्हणून या भाषणाचे सार आम्ही इतकेच सांगू : दुखणाइताचे बोलणे आणि यंत्राची नोंद या दोन्ही रोजनिश्या शेजारी ठेवून वाचाव्या. केवळ पहिली वाचली, तर सात वर्षे चुकीचे औषध चालते. केवळ दुसरी वाचली, तर खऱ्या वेदनेला लबाडी म्हटले जाते. आपल्या घरांत विशेषतः सासुरवाशिणी आणि वृद्ध स्त्रिया पोटाचे दुखणे बोलून दाखवीत नाहीत, आणि दाखविले तर त्यावर विश्वास बसत नाही. त्यांचे ऐकून घ्या.

तीन सावधानतेच्या गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली : छातीत दुखणे हे नेहमी पोटाचेच असते असे नाही. दडपण, घाम, धाप किंवा हातात व जबड्यात कळ असेल, तर पित्त म्हणून न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. आधी हृदय, मग पोट. दुसरी : घास अडकू लागला, वजन विनाकारण उतरले, रक्ताची उलटी झाली किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर या यंत्राची वाट न पाहता त्वरित डॉक्टरांकडे जावे; तेथे प्रथम दुर्बिणीचेच काम आहे. तिसरी : आमच्या गोळ्या कमी झाल्या, म्हणून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. कित्येकांना त्या खरोखरीच आवश्यक असतात, आणि ही तपासणीही सर्वांनाच लागते असे नाही. उपचार करूनही ज्यांचे दुखणे हटत नाही, किंवा ज्यांना शस्त्रक्रिया सुचविली आहे, त्यांनी तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

शेवटी मंडळाच्या चरणी एक विनंती. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या नियमाप्रमाणे साहाय्य मिळते, ते रुग्णालयात दाखल झालेल्यास किंवा शस्त्रक्रिया झालेल्यास. नियम करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता; परंतु त्याचा अर्थ असा झाला आहे, की दुखणे वाढून खाटेवर पडल्यावाचून आपला हात पुढे होत नाही. या तपासणीचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनास जाणवला, तरी झेपला. ज्या ज्ञातिबंधूचे हातावर पोट आहे, त्यास तो झेपणार नाही. तो पुन्हा दुकानातून गोळीच आणील. तेव्हा डॉक्टरांनी लेखी सुचविलेल्या तपासण्यांसाठीही निधीतून अंशतः साहाय्य मिळावे, असा ठराव कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावा. त्याच्या आरंभासाठी आमची अल्प देणगी आम्ही आज खजिनदारांकडे दिली आहे. तिची रक्कम सांगण्याजोगी नाही. ती त्या चौथीतील मुलाच्या नावाने आहे, आणि त्याचे नावही आम्ही येथे सांगत नाही.

भोजनाची पाने मांडली जात आहेत, असे दिसते; तेव्हा अन्नमार्गाविषयी याहून अधिक बोलणे त्याच्यावरच अन्याय करणारे होईल. सर्वांनी सावकाश जेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.